भिंतीपलीकडचे पाचशे वॅट

सिरिल ग्रमेक हा माणूस जन्मभर हळू आवाजाच्या मागे लागला. पोस्टात टेलिफोनच्या तारा जोडायची नोकरी, घरी बायको मिलोय्का, दोन शेळ्या, तेरान वाइनच्या द्राक्षांची चार ओळींची बाग. आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी एक रिसीव्हर. युद्ध संपल्यावर कुणीतरी मागे टाकून गेलेला, शेळीएवढ्या वजनाचा. तो रिसीव्हर त्याला शेळ्यांहून प्रिय होता आणि शेळ्यांनाही हे ठाऊक असावं, कारण त्या त्याच्याकडे तशाच बघायच्या.

हौशी रेडिओवाल्यांत, म्हणजे हॅम मंडळींत, दोन जाती असतात. एकांना बोलायची हौस, दुसऱ्यांना ऐकायची. सिरिल ऐकणारा. जपानचा एखादा मासेमार, दक्षिणेकडच्या बेटावरचा एखादा पाद्री, असल्या कुणाची तरी मोर्सची टिकटिक खरखरीतून वेचून काढली की स्वारी दिवसभर खूश. त्याच्या स्वतःच्या ट्रान्समीटरचा जोर म्हणाल तर टेबलावरच्या दिव्याइतका. "ऐकणाऱ्याला ओरडून काय करायचंय?" असं तो म्हणायचा.

आणि नेमका असल्या माणसाच्या शेजारी झ्द्रावको त्सोल्या राहत होता. दोघांच्या अंगणांमध्ये एक रचीव दगडांची भिंत आणि एक तुतीचं झाड, बस्स. झ्द्रावको ट्रक चालवायचा, हसायचा तेव्हा तीन घरं पलीकडे कळायचं. लहानपणी पोदलिप्येच्या रेडिओ क्लबात दोघं एकाच बाकावर मोर्स शिकलेले. तिथेच झ्द्रावकोची जात ठरली होती. पुढे एका हिवाळ्यात त्यानं गोठ्यात बसून रशियन नळ्यांचा पाचशे वॅटचा ट्रान्समीटर जुळवला, तुतीवरून लांबलचक अँटेना ताणली, आणि कुणाला काही न सांगता बटण दाबलं.

त्या क्षणी सिरिल कानाला हेडफोन लावून बसला होता. मुंगीची पावलं ऐकायला कान लावावा आणि कुणी कानाशी ढोल बडवावा, तसं झालं. कानात एक फटका, मग जळकट वास, मग शांतता. अँटेनाची तार जिथे शिरते ती रिसीव्हरच्या तोंडाची वेटोळी जळून काळी पडली होती.

बरं, झालं ते झालं. शेजारी जाऊन दोन शब्द बोलून मिटलं असतं. पण सिरिलनं ते शब्द राखून ठेवले आणि गावच्या ओस्मित्सात नेऊन काढले. ओस्मित्सा म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. रस्त्यावर आयव्हीची फांदी टांगली की त्या घरची वाइन आणि वाऱ्यावर सुकवलेल्या मांसाचा प्रशूत गावाला आठवडाभर खुलं. सगळं गाव बाकांवर बसलेलं, आणि सिरिल उभा राहून म्हणाला, "झ्द्रावको, तुझ्या ट्रान्समीटरला आणि तुझ्या तोंडाला एकच रोग आहे. समोर कोण बसलंय हे न बघता उघडतात."

गाव हसलं. झ्द्रावको हसला नाही. त्यानं ग्लास खाली ठेवला, म्हणाला, "ज्याला ऊन सोसत नाही त्यानं तळघरात बसावं," आणि उठून गेला. तिथून पुढे वर्षानुवर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. रस्त्यात भेटले तर एक डोंगराकडे बघायचा, दुसरा चर्चकडे.

बायकांचं मात्र बोलणं कधी थांबलं नाही. त्यांना या वेडाचारासाठी वेळ नव्हता. भिंतीवर कोपरं टेकून त्यांनीच तोड काढली.

"हे बघ नेवेन्का," मिलोय्का म्हणाली, "तुझा नवरा त्या पेटीपुढे बसला की तू मला काहीतरी खूण कर. मी आमच्याला सांगते, तार काढ म्हणून."

"लाल टेबलक्लॉथ टाकते गॅलरीत. पण अगं, त्याला कळलं तर?"

"त्याला काय कळतंय! घरात टेबलक्लॉथ आहे हे तरी माहीत आहे का त्याला?"

त्या दिवसापासून नेवेन्काच्या गॅलरीत लाल टेबलक्लॉथ दिसला की मिलोय्का स्वयंपाकघरातून ओरडायची, "लाल!" आणि सिरिल अँटेनाची तार उपटायचा. पुरुष दोघंही आपल्याला यातलं काहीच माहीत नाही असं दाखवत राहिले. बुर्या वारा सुटला की टेबलक्लॉथ उडून तुतीत अडकायचा आणि झ्द्रावको दिवसभर गप्प असला तरी सिरिल दिवसभर तार काढून बसायचा. पण एकंदरीत बरं चाललं होतं.

मग एका शनिवारी नेवेन्का कॉफी आणि जीन्स आणायला बसनं सीमेपलीकडे त्रिएस्तेला गेली. टेबलक्लॉथ कपाटात राहिला. रिसीव्हरचं तोंड पुन्हा भाजलं.

या खेपेला सिरिल ओरडला नाही. आठवडाभर खोलीचं दार लावून बसला आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठा असा एक डबा बनवून बाहेर आला. आत पाठीला पाठ लावलेले दोन डायोड आणि सायकलच्या मागच्या दिव्याचा एक बल्ब. साधी गोष्ट होती. अँटेनावर बारीक आवाज आला तर डायोड झोपलेले राहतात. दांडगा आवाज आला की ते जागे होतात आणि त्याला आत न सोडता परस्पर जमिनीची वाट दाखवतात. त्या गडबडीत जो जोर उरतो तो बल्ब खातो आणि पेटतो. सिरिलनं त्याला नाव दिलं राखणदार.

या राखणदारानं सिरिलला नाव मिळवून दिलं. ज्या ज्या क्लबात दोन सेट एका छपराखाली होते, एक बोलतोय आणि दुसऱ्याचा जीव जातोय, तिथून तिथून बोलावणी आली. डोंगरमाथ्यावरच्या स्पर्धांत पोरं म्हणायची, "सिरिलकाकांचा राखणदार लावलाय ना? मग दाब खुशाल." काकांनी किती डबे बनवले याचा हिशेब त्यांनाही नव्हता. टपालानं यायच्या डायोडच्या पुड्या, आणि गावात सायकलींना मागचे दिवे मिळेनासे झाले.

पण त्या डब्याचा एक गुण त्यानं कुणाला सांगितला नव्हता. झ्द्रावको मोर्सची कळ दाबायचा तेव्हा सिरिलच्या टेबलावरचा बल्ब त्याच ठेक्यात मिणमिणायचा. लांब, आखूड, आखूड. आणि मोर्स वाचायला सिरिलला कान लागत नव्हते, डोळे पुरत होते. ज्या माणसाशी तो बोलत नव्हता त्याचं प्रत्येक वाक्य त्याच्या टेबलावर उजळून विझत होतं.

त्या बल्बानं त्याला सांगितलं की झ्द्रावकोच्या मुलीचं लग्न मारिबोरला ठरलंय. ट्रक विकलाय. डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप नीट बसत नाही. हे सगळं झ्द्रावको फिनलंडच्या नाहीतर उरुग्वेच्या कुणा अनोळखी माणसाला सांगायचा आणि वीस पावलांवर सिरिल ते अंधाऱ्या खोलीत वाचायचा. त्या हृदयाच्या बातमीनंतर तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मिलोय्का, योता जरा जास्त कर. शेजारी पाठव."

"का, काय झालं?"

"काही नाही. शेंगा जास्त आल्यात यंदा."

मिलोय्कानं शेंगा आणि आंबट कोबीच्या त्या सुपाचं भांडं भरून नेलं. नवऱ्याला ओळखत होती ती.

आता बोग्दानचं सांगायला हवं, कारण सिरिलचा सगळा जीव तिथे होता. बोग्दान त्याचा धाकटा भाऊ. द्राक्षं काढायच्या दिवसांत एका संध्याकाळी टोपली बागेतच ठेवून सीमा ओलांडून गेला, त्रिएस्तेहून बोटीनं ऑस्ट्रेलियाला. आई गेली तेव्हाही येऊ शकला नाही. पुढे त्यानं तिकडे रेडिओचा परवाना काढला आणि एका रविवारी सकाळी, आमची सकाळ नि त्याची संध्याकाळ, सिरिलला खरखरीत त्याचा मोर्सचा हात सापडला. शेवटची रेघ उगाच लांबवायची बोग्दानची खोड होती. त्यावरून क्लबात मार खाल्ला होता त्यानं. ती लांबलेली रेघ ऐकून सिरिल हेडफोन डोक्यावर तसाच ठेवून रडला होता.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं भाऊ बोलायचे. फार काही नाही. पाऊस झाला का, कुणाची सून कशी, भोपळे किती मोठे. पण पुढे बोग्दान आजारी पडला, बागेचं घर सोडून इस्पितळाजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेला, आणि मोठ्या अँटेनाच्या जागी गॅलरीतून एक बारीक तार सोडली. त्याचा आवाज अगदीच विरळ झाला. त्यातून आता डायलवर नेमकी त्याच्या जागेवर भुतं येऊ लागली. कुठल्याशा नाचाचा बँड, इटालियन बातम्या वाचणारी बाई, पुन्हा बँड. सगळं एकमेकांत कालवलेलं. बोग्दान त्याखाली गाडला जायचा.

सिरिलनं दोषी लगेच ठरवला. "हा झ्द्रावकोच. त्याच्या त्या नळ्या घाण ओकतायत. मुद्दाम रविवारीच!"

मग बोग्दानचं पत्र आलं. अजून दोन रविवार, मग बुधवारी ऑपरेशन आहे, त्याआधी एकदा नीट बोलता आलं तर बरं वाटेल, एवढंच लिहिलं होतं. सिरिलनं ते वाचून मिलोय्काच्या हातात दिलं आणि शेळ्यांना चारा टाकायला गेला. चारा आधीच टाकलेला होता.

त्यातल्या पहिल्या रविवारीही भुतं होती. सिरिलनं टेबलावर मूठ आपटली. "ऐक! ऐक हे! भाऊ मरायला टेकलाय माझा आणि हा गाढव तिकडे बटणं दाबतोय!"

मिलोय्का कॉफी घेऊन दारात उभी होती. तिनं टेबलाकडे बघितलं.

"दिवा कुठे पेटलाय?" ती म्हणाली.

"कसला दिवा?"

"तुझा. तो बोलत असला की पेटतो ना? तूच तर बघत बसतोस रोज, मला काय दिसत नाही?"

सिरिलनं बल्बाकडे पाहिलं. बल्ब काळा होता. झ्द्रावको गप्प होता.  सिरिलनं सावकाश डब्याची तार काढली आणि अँटेना थेट रिसीव्हरला जोडली. बँड गेला, बातम्यांची बाई गेली. उरली नुसती स्वच्छ खरखर. आणि तिच्या तळाशी, केसाएवढी बारीक, बोग्दानची टिकटिक. सिरिल, सिरिल, ऐकू येत नाही, पुढच्या रविवारी. मग काहीच नाही.

भुतं राखणदाराची होती. किनाऱ्यावरच्या दांडग्या प्रसारण केंद्रांना ते दोन डायोड अडवायचे खरे, पण अडवताना त्यांची सरमिसळ करून नको तिथे सांडायचे. जाड कानाच्या माणसाला ते कधी कळलं नसतं. सिरिलला कळायला हवं होतं. देशभर डबे वाटले होते त्यानं आणि एकदाही डबा काढून ऐकलं नव्हतं, कारण शिव्या द्यायला शेजारी तयारच होता.

"आता?" मिलोय्कानं विचारलं.

"आता पुढच्या रविवारी राखणदार नाही. उघडा रिसीव्हर." तो थांबला. "आणि त्यानं चुकून जरी कळ दाबली तर रिसीव्हर जाणार. मग बोग्दान गेलाच."

"मी नेवेन्काला सांगते."

"नको. हे टेबलक्लॉथचं काम नाही."

शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यानं वेळ काढली. मग कोट चढवून तुतीखाली गेला. झ्द्रावको भिंतीपलीकडे पिंप धूत होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा पिंपात डोकं घातलं.

"झ्द्रावको."

"कोण मेलं?" पिंपातून आवाज आला.

"कुणी नाही. अजून नाही." सिरिलनं घसा खाकरला. "उद्या सकाळी तू ट्रान्समीटर लावू नकोस. तेवढं कर. परत काही मागणार नाही."

झ्द्रावको पिंपातून बाहेर आला, हात विजारीला पुसले. "रविवारी सकाळी मी कधी लावतो? बोग्दान रेडिओवर आल्यापासून एका तरी रविवारी लावलाय का?"

सिरिल भिंतीच्या आणखी जवळ आला.

"म्हणजे तुला..."

"म्हणजे मला कान आहेत. तू ओस्मित्सात काहीही बोललास तरी आहेत. बसतो मी. तुम्ही भोपळ्यांवर बोलता ते ऐकतो. कुणाचं घरचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण बोग्दानला मीही खांद्यावर घेऊन फिरवलाय."

"मी पण तुझं वाचतो," सिरिल घाईनं म्हणाला, जणू फिटंफाट करायची होती. "राखणदारातला बल्ब मिणमिणतो. सगळं वाचतो. लग्न, ट्रक, हृदय."

झ्द्रावको त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. "अरे चोरा! तरीच! मी म्हणतो, झडपेचं मी नेवेन्कालाही सांगितलं नव्हतं, आणि तुझ्याकडून योता कसा येतो एवढा!"

"शेंगा जास्त आल्या होत्या."

"हो, हो. दर महिन्याला." मग तो गंभीर झाला. "ऐक सिरिल. राखणदार काढून तुझं भागणार नाही. बोग्दान मला ऐकू येतो, माझी अँटेना उंच आहे म्हणून. पण त्याला तू ऐकू येत नाहीस. तीन रविवार झाले, तो हाका मारतोय आणि तू त्याची हाक संपायच्या आतच उत्तर देतोस. माझ्याकडे ये उद्या. माझ्या सेटवरून बोल."

"तुझ्या त्या पाचशे वॅटवरून?"

"मग काय तुझ्या काजव्यावरून?"

सिरिल भिंतीवरचा एक दगड उगाच सरळ करू लागला. "माझा रिसीव्हर जाळलास तू त्यानं."

"आणि तू माझा! त्याच महिन्यात! तुझा काजवा माझ्या अँटेनाच्या नाकाखालीच आहे. मी ऐकत होतो आणि तू कळ दाबलीस. गेला. मी गावभर बोंब मारली का?"

"का नाही मारलीस?"

"तुला बरं वाटलं असतं म्हणून."

सिरिल हसला नाही, पण दगड त्यानं सोडला. "किती वाजता येऊ?"

"कॉफीला ये. नेवेन्काला सांगतो."

रविवारी सकाळी सिरिल चर्चला जायच्या कोटात झ्द्रावकोच्या गोठ्यात आला. खिशात स्वतःची मोर्सची कळ होती, रुमालात गुंडाळलेली. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी गेलं तरी कळ आपली न्यावी, हात आपलाच उमटतो. झ्द्रावकोनं आपली कळ काढली आणि त्याची जोडून दिली. नेवेन्कानं कॉफी ठेवली, मिलोय्का तिच्याशेजारी बाकावर बसली, आणि दोघींनी पहिल्यांदाच हा काय प्रकार असतो तो शेवटपर्यंत बघायचं ठरवलं.

बोग्दान वेळेवर आला. झ्द्रावकोच्या हेडफोनमधून तो विरळ होता पण अख्खा होता, शेवटच्या लांबलेल्या रेघेसकट. हाक संपली. सिरिलनं कळ दाबली. नळ्या निळसर उजळल्या, गोठ्यातला दिवा मंदावला.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग बोग्दाननं विचारलं, कोण आहे हे?

सिरिल.

खोटं. सिरिल एवढा मोठ्यानं बोलत नाही.

झ्द्रावको तोंडावर हात दाबून हसला. सिरिलनं पुन्हा कळ दाबली. झ्द्रावकोच्या घरून बोलतोय. हा शेजारी बसलाय.  आणि मग बोग्दानचा हात एकदम भराभर चालायला लागला, अडखळत, चुका करत, जसा क्लबात पहिल्या वर्षी चालायचा. बोलता तुम्ही दोघं? केव्हापासून? मला सांगितलं का नाही? आज तू खोलीत आल्यासारखा वाटतोस.

मग भोपळे झाले, पाऊस झाला. सगळं नेहमीचं, फक्त आज एकही अक्षर हरवत नव्हतं. सूर्य वर चढत होता आणि खरखर हळूहळू जाड होत होती. मधेच बोग्दाननं अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून पाठवलं: बुधवारची भीती वाटते.

इतक्या वर्षांत तो असलं काही बोलला नव्हता. सिरिलचा हात कळीवर थिजला. झ्द्रावकोनं त्याच्या कोपराला हलकेच धक्का दिला. "अरे, तो थांबलाय."

सिरिलनं पाठवलं, मी इथेच आहे. सांग काय ते. सगळं ऐकू येतंय.

बोग्दान सांगत राहिला. रात्री झोप येत नाही ते. कुणाशी आपल्या भाषेत बोलता येत नाही ते. कधीकधी सकाळी जाग येताना आपण घरी आहोत असं वाटतं आणि मग डोळे उघडावेसे वाटत नाहीत ते. सिरिल लिहून घेत नव्हता, नुसता मान हलवत होता, समोर बसल्यासारखा. मग वाक्याच्या मधेच तो खरखरीत बुडाला. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली, पण परत वर आला नाही.

ऑपरेशन झालं आणि बोग्दान त्यातून उठला नाही. ऑस्ट्रेलियाहून तार शुक्रवारी आली. सिरिलनं ती दारातच वाचली, मिलोय्काच्या हातात दिली, परत मागून घेतली, आणि भिंतीला वळसा न घालता तिच्यावरूनच पलीकडे उतरला.

गोठ्यात झ्द्रावको बसलेला होता. त्याचा ट्रान्समीटर बंद होता, पण रिसीव्हर चालू होता, बोग्दानच्या जागेवर, रविवारी सोडला होता तसाच. सिरिलनं तार पुढे केली. झ्द्रावकोनं ती वाचली नाही, घडी घालून टेबलावर ठेवली आणि दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

दोघं खरखर ऐकत बसले. नेवेन्का जेवायला बोलवायला आली आणि तशीच परत गेली. रिसीव्हर बंद करायला हवा होता, पण दोघांतल्या एकाचाही हात तिकडे जाईना.